काळ्या धाग्यातला लाल कण

“देव दाराबाहेर ठेवायचा, गर्गेबाई, आणि मग आत यायचं.”

कामावरच्या पहिल्याच सकाळी डॉ. अच्युत मिरीकरांनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांचं बोट माझ्या कपाळाकडे होतं. मेणावर रेखलेलं, चांगलं ठसठशीत कुंकू लावून गेले होते मी. नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली ती शेड बाहेरून पिठाच्या गिरणीसारखी दिसायची. आत मात्र पांढरे डगले, पांढऱ्या टोप्या, आणि मधोमध छतापर्यंत गेलेली उभी भट्टी.

“देव नाही सर, कुंकू आहे,” मी म्हटलं.

“मला पूड दिसते. पूड उडते, धाग्यात बसते, आणि बसते तिथे धागा तुटतो. टिकली लावा हवी तर.”

“टिकली मला चालत नाही.”

“मग कसं करायचं?”

मी बाहेर नळावर गेले, कपाळ धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि आत आले. सरांनी वादाची तयारी केली होती बहुतेक. ते माझं कोरडं कपाळ पाहून म्हणाले, “बरं. कामाला लागा.”

त्या दिवसापासून सकाळी नळावर कपाळ धुवायचं आणि संध्याकाळी निघताना पुन्हा कुंकू रेखायचं, हा माझा आणखी एक नेम झाला. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या कडाडल्या. “नवरा धडधाकट असताना कपाळ धुतेस?”

“देवळात जाताना चपला बाहेर काढतो ना आपण, तसं,” मी म्हटलं.

चपलांची तुलना त्यांना मुळीच रुचली नाही. पण त्यांनी विषय सोडला.

मी नेमाचं माणूस. स्नान, स्तोत्र, तुळशीला पाणी, चहाआधी वाती वळणं, आणि चातुर्मासात वरचा एखादा नेम. त्यामुळे सरांच्या शिस्तीचा मला कधी जाच झाला नाही. धुतलेलं नेसायचं, उगाच शिवायचं नाही, कामाकडे तोंड करून बोलायचं नाही, हे सगळं मी लहानपणापासून ओळखत होते. सर चेष्टा करायचे, “तुमच्या सोवळ्यापुढे माझी क्लीन रूम म्हणजे सार्वजनिक मोरी आहे, गर्गेबाई.”

भट्टीत काय होत असे ते सांगते. वरून अल्कोहोलची वाफ आणि लोखंडाचा अंश असलेली एक भुकटी सोडायची. लाल होईस्तोवर तापलेल्या त्या नळकांड्यात कार्बनच्या नळ्या तयार व्हायच्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. त्या एकमेकींना धरून खाली यायच्या. काळ्या धुराची शेपटी भट्टीच्या तोंडातून लोंबतेय असं वाटायचं. ती शेपटी चिमट्यात धरून हळूच ओढायची. द्रवात भिजली की ती आक्रसायची आणि तिचा धागा व्हायचा. मग तो रिळावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. सरांनी ते पाहिलं आणि पुन्हा धाग्याकडे वळले.

हा धागा पोलादाशी ताकदीत झगडायचा, तांब्यासारखी वीज वाहून न्यायचा, आणि तळहातावर ठेवला तर ठेवलाय हे कळायचंही नाही. शेडमध्ये कुणीही आलं, मग तो विजेचं बिल आणणारा का असेना, की सर सुरू व्हायचे. “एका मोठ्या विमानात तांब्याच्या तारा टनावारी असतात, टनावारी! ते ओझं रोज आकाशात न्यायचं आणि रोज खाली आणायचं. त्याजागी हा घाला. पंखावर बर्फ धरतं, तिथे ह्याची जाळी बसवा, वीज सोडा, बर्फ वितळतं. उपग्रहाचे पंख उघडतात तिथे बिजागरीत तार वाकते, थकते. हा थकत नाही!”

“साडीला काठ म्हणूनही छान दिसेल, सर,” हर्षद मागून म्हणायचा.

हर्षद निमसे आमच्याकडचा तरुण शास्त्रज्ञ. डॉक्टरेट नुकती झालेली, जीभ सुरीसारखी, हात मात्र हळुवार. तो धागा काढायचा आणि मी तो तोडायची. माझं कामच ते. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी इतकी वर्षं धागे तोडले. यंत्रात दोन टोकं पकडायची, ताण वाढवत न्यायचा, कुठे तुटतो, किती ताणाला तुटतो, का तुटतो ते पाहायचं.

“ताई, आज किती जणांना मुक्ती दिलीत?” हर्षद विचारायचा.

“तुझा धागा स्वतःहूनच जातो रे. मी फक्त शेवटचं पाणी घालते,” मी म्हणायची.

दर खंडेनवमीला सगळी वसाहत झेंडूनं पिवळी व्हायची. लेथ मशिनांना हार, ट्रकांना हार, वजनकाट्यांनाही हार. आमची भट्टी तेवढी उघडीबोडकी. सरांपुढे पूजेचं नाव काढायची सोय नव्हती. पण त्या दिवशी सरांच्या पत्नी शरयूवहिनी घारग्यांचा डबा घेऊन हमखास यायच्या. आत पाऊल टाकायच्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून सगळ्यांना भोपळ्याचे गोड घारगे वाटायच्या, सरांची थोडी थट्टा करायच्या, आणि “शेडला एक चक्कर मारून निघते हं,” म्हणून मागच्या बाजूला जाऊन मग घरी जायच्या. त्या मागे गेल्या की सर कागदात डोकं घालून बसायचे. इतकं खोल, की नाक शाईला लागेल.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी श्रावणात वहिनी गेल्या.

सर चौथ्या-पाचव्या दिवसापासून कामावर आले. त्यांनी बोलणं कमी केलं. विजेचं बिल आणणारा माणूस बिल ठेवून तसाच गेला, तेव्हा मला खरं वाईट वाटलं.

आणि नेमकं तेव्हाच ते काम आलं, ज्याची आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली होती. एक छोटा उपग्रह तयार होत होता. त्याच्या पंखांच्या बिजागरीतून जाणारी तार आमच्या धाग्याची करता येईल का, हे पाहायला एक अधिकारी येणार होत्या. त्यांना एकसंध, जोड नसलेला धागा हवा होता. आमच्या संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या मंडळींचा निरोपही त्याच आठवड्यात आला, की या वेळी धागा पसंत पडला नाही, तर भट्टी विझवायची. सरांनी तो निरोप आम्हाला उभ्या उभ्या वाचून दाखवला आणि म्हणाले, “काढा धागा.”

हर्षदनं असा धागा काढला की काय सांगू! मी तोडायला बसायची आणि काटा वर, आणखी वर, आणखीच वर. मला तोडायला वेळ लागत होता. त्या दिवसांत घरी वाती वळतानाही मी मनातल्या मनात हसत असे.

मग खंडेनवमी आली, दसरा झाला, आणि दसऱ्यानंतर काढलेला धागा तुटू लागला.

कसाही तुटायचा. कधी अर्ध्या ताणाला, कधी त्याच्याही आधी. मध्ये बरा लांब तुकडा निघायचा, की पुन्हा टचकन. हर्षदनं वायू बदलून पाहिले, उष्णता तपासली, भुकटीची नवी बाटली फोडली. काही उपयोग नाही. अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या.

मी तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काळ्या तंतूंच्या मधोमध एक लाल कण होता. दुसरं टोक घेतलं. त्यातही. तिसऱ्यातही.

“हर्षद, इकडे ये.”

त्यानं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग सावकाश माझ्याकडे वळला. माझ्या कपाळाकडे पाहिलं. ते नेहमीसारखं धुतलेलं होतं.

“हे कुंकू आहे, ताई.”

“दिसतंय.”

“खंडेनवमीला मी गावी होतो. किल्ल्या दोनच. एक तुमच्याकडे.”

“आणि एक सरांकडे.”

“सर?” तो हसला. “सर आणि कुंकू? ताई, निदान थाप तरी पचेल अशी मारा. तुम्ही श्रद्धेनं केलं असेल, मला कळतं ते. पण सांगून तरी टाका.”

मी स्टूल घेतलं, भट्टीच्या तोंडापाशी ठेवलं आणि वर चढले. तोंडाच्या वरच्या पोलादी चौकटीवर, खालून दिसणार नाही अशा जागी, ते होतं. माझं कुंकू गडद, मरून. हे केशरट होतं. पिंजर. हा रंग मी चांगला ओळखत होते, कारण चैत्रातल्या हळदीकुंकवाला शरयूवहिनी सप्तशृंग गडावरची ही पिंजर पुडीत बांधून मला द्यायच्या. आणि ते बोटानं टेकवलेलं नव्हतं. अंगठ्यानं खालून वर ओढलेलं होतं, कोरडंच, भरपूर. वर अक्षतांचे दोन-तीन दाणे चिकटवलेले. आपण बायका देवाला, यंत्राला, उंबऱ्याला असं कधी लावत नाही. असा टिळा लावतात परगावी निघालेल्या पुरुषाच्या कपाळावर.

 भट्टीची ऊब पायांना लागत होती. त्या उबेनं ती पूड सुटत होती आणि कणाकणानं खाली लोंबणाऱ्या शेपटीवर पडत होती. कुणाचा अंगठा होता ते मला कळलं होतं.

आता माझी अडचण अशी, की त्या चातुर्मासात माझा नेम होता, कुणाचं उणं बोलायचं नाही. ऐकायला सोपा वाटतो. धरून पाहावा. नाव घेतलं असतं तर नेम मोडत होता. ‘मीच लावलं’ म्हटलं असतं तर ते खोटं, आणि शिवाय ज्या नोकरीत मी फक्त कारण शोधायचं काम करत आले, तिथे कारणच खोटं सांगायचं.

“काय दिसलं?” हर्षदनं खालून विचारलं.

“पूड इथे आहे. उद्या मॅडम बघून गेल्याशिवाय पुसायची नाही.”

“पुसायची नाही? ताई, वेड लागलंय का? आत्ता पुसू, रिळावरचे चांगले तुकडे निवडू, तेवढेच त्यांच्यासमोर ताणून दाखवू.”

“आणि बाकीचं रीळ?”

“बाकीचं कोण बघतंय?”

“वर गेल्यावर उपग्रह बघेल की. पंख उघडायच्या वेळी.”

तो पाय आपटत निघून गेला.

सकाळी मी सरांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक नेऊन ठेवला आणि खाली तुटलेलं टोक लावलं.

“सापडलं कारण?” त्यांनी विचारलं.

“सापडलं, सर.”

“काय?”

“तुम्हीच पाहा.”

सरांनी डोळा लावला. त्यांचा हात फोकसच्या चाकावर होता. तो थोडा फिरला आणि थांबला. सर वाकलेल्या स्थितीतच राहिले. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तरी त्यांनी मान वर केली नाही.

“त्या आल्या, सर,” मी म्हटलं.

“हं,” एवढंच म्हणाले.

आलेल्या बाईंचं नाव सरनाईक. हवाई दलात वर्षं काढलेल्या. केस आखूड, पांढरे, पाठ ताठ. पाणी नको, चहा नको. “धागा दाखवा,” म्हणाल्या.

मी यंत्रात टोकं पकडली. काटा चढू लागला. अर्ध्यावर गेला आणि टक्. दुसरा तुकडा. टक्. तिसरा जरा तगला, मग तोही गेला. सरनाईक मॅडमनी हात मागे बांधले.

“कागदावर तुम्ही वेगळंच लिहिलं होतं, डॉक्टर.”

सर काही बोलायच्या आत हर्षद पुढे झाला. त्याचा आवाज चढला होता. “मॅडम, आमच्या पद्धतीत दोष नाही. धागा उत्तमच होता. खंडेनवमीला कुणीतरी भट्टीची पूजा केली. कुंकू पडलंय त्यात.”

‘कुणीतरी’ म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

“तुम्ही लावलंत?”

“नाही.”

“कोणी लावलं, माहीत आहे?”

“हो.”

“मग सांगा.”

“ते मी सांगणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. त्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. “चातुर्मास चालू आहे. कुणाचं उणं बोलायचं नाही असा माझा नेम आहे. पूड कसली आहे, कुठे आहे, धाग्यात कशी पडली, सगळं दाखवते. नाव तेवढं मागू नका.”

“हे प्रयोगशाळेत चालतं?” मॅडमनी सरांना विचारलं.

हर्षद पुटपुटला, “चातुर्मास बरा सापडतो.”

“आळ तुमच्यावर येतोय, बाई,” मॅडम मला म्हणाल्या. “नोकरी जाऊ शकते. कळतंय ना?”

“आळाचं माझ्या नेमात काही नाही, मॅडम.”

 मला वाटलं, संपलं. आता सर म्हणतील, चौकशी करतो, आणि माझी किल्ली काढून घेतील. सासूबाई म्हणतील, एवढं कपाळ धुतलंस, काय मिळालं? पण खरं सांगते, त्या क्षणी मला माझी भीती नव्हती. मी सरांकडे पाहत नव्हते. मी पाहिलं असतं, तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं.

“कुंकू मी लावलं,” सर म्हणाले.

हर्षद हसला. त्याला खरंच विनोद वाटला. मग त्यानं सरांचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

“माझी पत्नी श्रावणात गेली,” सर मॅडमना सांगू लागले, वर्गात शिकवावं इतक्या सरळ आवाजात. “जायच्या आधी म्हणाली, खंडेनवमीला भट्टीला विसरू नका. दरवर्षी ती लावायची. माझी पाठ वळली की. मला माहीत होतं आणि मी बघत नसे. मुद्दाम बघत नसे. त्यामुळे ती कुठे लावते, कसं लावते, मला कधी कळलंच नाही.” ते थांबले. “या वर्षी सकाळी तिचा करंडा घेऊन आलो. मला कुंकू लावायची एकच रीत ठाऊक. मी परगावी निघालो की ती मला लावायची तशी. म्हटलं, तोंडाशी लावावं. माणसाला कपाळ असतं, भट्टीला तोंड.”

सरांनी माझ्याकडे बोट केलं.

“या बाईंना मी पहिल्या दिवशी कपाळ धुवायला लावलं,” सर म्हणाले. “इतकी वर्षं त्यांनी धुतलं. आणि पूड मी टाकली. हे नोंदवून घ्या, मॅडम. धागा चुकला नाही. निमसेंचा हात चुकला नाही. मिरीकर चुकला.”

मी आजवर अनेक थोर माणसांची प्रवचनं ऐकली आहेत. ताठ मानेनं आपलं उणं सांगणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि आपण याच्या हाताखाली काम करतो, याचा मला जो अभिमान वाटला, तो मी आजही जपून ठेवला आहे.

सरनाईक मॅडमनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळल्या. “ती पूड कुठे आहे म्हणालात? दाखवा.”

मी स्टूल ठेवलं. त्या बाई डगला सावरून स्वतः वर चढल्या. टिळा पाहिला, अक्षता पाहिल्या. बोट लावलं नाही. मी खाली एक ओली काच धरून ठेवली. थोड्या वेळानं तिच्यावर केशरी ठिपका उमटला. मग दुसरा.

“दसऱ्याच्या आधीचं रीळ आहे?”

“आहे. थोडंच आहे.”

“ताणा.”

मी ताणलं. हर्षद माझ्या खांद्याशी उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. काटा अर्ध्यावर गेला. पुढे गेला. जिथे नवा धागा तुटला होता त्याच्या कितीतरी पलीकडे गेला. मॅडम वाकल्या. काटा चढतच होता. माझं आयुष्य धागे तोडण्यात गेलं, पण त्या दिवशी मी मनात म्हणत होते, तुटू नकोस बाळा, एवढ्यात तुटू नकोस. शेवटी यंत्राचीच मर्यादा आली. मी हात काढून घेतला. धागा तसाच ताठ उभा होता, बारीक, काळा, दिसेल न दिसेल असा.

“न तुटणारे धागे घेऊन माझ्याकडे पुष्कळ लोक येतात,” मॅडम म्हणाल्या. “तुटला तर का तुटला, हे विचारलं की हवेकडे बघतात. वर गेलेली वस्तू दुरुस्त करायला कुणी जात नाही, डॉक्टर. मला कारण सांगणारी माणसं लागतात.” त्या जायला वळल्या. “भट्टी उघडून स्वच्छ करा. दिवाळी झाली की येते. तेव्हा पूर्ण लांबीचा धागा तयार ठेवा.” दारात थांबून मला म्हणाल्या, “आणि बाई, तुमचा तो नेम चातुर्मासानंतरही ठेवलात तर बरं.”

त्या गेल्यावर सर बाकावर बसले. वहिनी बसायच्या त्याच बाकावर.

“गर्गेबाई, तुम्हाला माहीत आहे? ती कुठे लावायची?”

“माहीत आहे. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते.”

“दाखवता?”

मी त्यांना शेडला वळसा घालून मागे नेलं. तिथे गवत माजलेलं होतं. भट्टीचं धुराडं भिंतीतून बाहेर निघतं, त्याच्या खाली सिमेंटच्या कडेला, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा एक ठिपका होता. बोटाच्या पेराएवढा. वर्षानुवर्षं एकावर एक टेकवून तिथलं सिमेंटच केशरी झालं होतं. पावसानं धुऊनही गेलं नव्हतं.

“वहिनी नळावर बोट ओलं करायच्या,” मी सांगितलं. “अनामिका. मग पिंजरीत टेकवायच्या आणि इथे लावायच्या. कोरडी पूड कधीच नाही. मी विचारलं, आत का नाही लावत? तर म्हणाल्या, ‘ह्यांनी सांगितलंय ना, देव दाराबाहेर. मग बाहेरच हं देवा.’”

सरांनी हात पुढे केला, पण ठिपक्याला लावला नाही. भिंतीवर, त्याच्या शेजारी टेकवला.

“म्हणजे माझा नियम सगळ्यांत नीट तिनं पाळला,” ते म्हणाले.

मागे पाचोळा वाजला. हर्षद येऊन उभा होता, हात खिशात घालून, अपराधी मुलासारखा.

“पुढच्या वर्षीपासून हे…” सरांनी वाक्य सुरू केलं आणि त्यांना ते पुरं करता येईना.

“मी लावीन, सर,” हर्षद म्हणाला.

“तू? तुला हसू येतं असल्या गोष्टींचं.”

“हसत हसत लावीन. पण लावीन. इथे असेन तोवर. शब्द देतो.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेले. हर्षद माझ्याजवळ आला. “ताई, मी ते तुम्हाला…”

“असू दे. चहा सांग. सकाळपासून घशाला कोरड पडली आहे.”

दिवाळीनंतर धागा गेला. पुढे त्याची तार झाली, तार उपग्रहात बसली, आणि एका सकाळी आम्ही सगळे शेडमध्ये एका छोट्या पडद्यासमोर बसलो. पंख उघडल्याचा संदेश जमिनीवर आला. तो पंखावरून, बिजागरीतून, आमच्या धाग्यातून वाहत आला होता. सर उठले आणि त्या दिवशी विजेचं बिल घेऊन आलेल्या माणसाला मिठी मारून त्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसले. मी नळावर गेले, कुंकू रेखलं आणि आकाशाकडे पाहिलं. दिवसा काही दिसत नाही. पण सातपूरच्या एका शेडमधला, माझ्या हातून ताणला गेलेला धागा तिथे होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता सर नाहीत. मीही निवृत्त झाले. शेडच्या जागी मोठी इमारत झाली, पण भट्टीची ती मागची भिंत सरांनी पाडू दिली नव्हती.

गेल्या खंडेनवमीला मी घारग्यांचा डबा घेऊन गेले. हर्षद आता तिथला प्रमुख आहे, केस पिकलेत, चष्मा आलाय. विमानं बनवणाऱ्या एका कंपनीची मंडळी आली होती, सुटाबुटातली. हर्षद त्यांना पंखावरचं बर्फ वितळवणारी जाळी दाखवत होता. आवाज अगदी सरांसारखा. “टनावारी!” म्हणाला, तेव्हा मला हसू आलं.

त्यानं मला दारात पाहिलं आणि बोलता बोलता थांबला.

“दोन मिनिटं हं,” पाहुण्यांना म्हणाला.

टेबलाचा खण उघडून त्यानं एक जुना पितळी करंडा काढला, माझ्याजवळून जाताना डब्याकडे पाहून डोळे मिचकावले, आणि बाहेर नळावर गेला.

“साहेब कुठे गेले?” एका पाहुण्यानं मला विचारलं.

“बाहेर,” मी म्हटलं. “घारगा घ्या तोवर.”

खिडकीतून मला तो दिसत होता. त्यानं नळ सोडला, अनामिका ओली केली. मग ते ओलं बोट वर धरून, थेंब सांडू नये अशा बेतानं, तो सावकाश इमारतीच्या मागे वळला.